सतरा नंबरची पुडी

"दात दाखवा."

आमच्या आरोग्य केंद्रात मी रुजू व्हायला गेले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. माझ्या एका हातात ट्रंक, दुसऱ्यात बदलीचा कागद, एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि समोरचा माणूस खुर्चीतून न उठता म्हणतो, दात दाखवा. मला वाटलं, हे नर्स ठेवून घेतायत की बैल विकत घेतायत? पण सरकारी नोकरी होती. दाखवले.

"आता डोळे मिटा अन् दोनी हात समोर धरा."

ट्रंक खाली ठेवून तेही केलं.

"ठीक आहे. दोनी बाजू सारख्या आहेत. बसा, सिस्टरबाई."

ही खास माझ्यावरची मेहेरबानी नव्हती, हे आठ दिवसांत कळलं. हसताना तोंड एका बाजूला ओढतं का आणि धरलेला हात आपोआप खाली येतो का, एवढं पाहिलं की लकव्याची चाहूल लागते, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून ते भेटेल त्याला दात दाखवायला लावत. पोस्टमन, कंडक्टर, शाळेतले गुरुजी, कोणी सुटलं नाही. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाला मुंडावळ्यांसकट हात पुढे धरायला लावले आणि नवरीकडची मंडळी घाबरली की मुलात काही खोट आहे. एकदा तालुक्याचे पुढारी पाहणीला आले. साहेबांनी हार घातला आणि दात दाखवायला सांगितले. पुढाऱ्यांना वाटलं फोटो काढतायत, म्हणून त्यांनी तोंडभर दाखवले. साहेबांनी साऱ्या गावादेखत निकाल सांगितला, "लकवा नाई. बाकी दातायचं तुमीच पाहा." त्या वर्षी आम्हाला नवं कपाट मिळायचं होतं. ते मिळालं नाही.

आमचं केंद्र अड्याळच्या बाजारापासून दोन कोसांवर. आजूबाजूला धानाची गावं, आणि गाव म्हटलं की त्याचा तलाव आलाच. काळ आणीबाणीचा. वरचे साहेब फोनवर एकच प्रश्न विचारत, "केसेस किती झाल्या?" त्यांना नसबंदीच्या हव्या असत. आमचे साहेब ठणकावून सांगत, "सव्वीस. सोळा उजवीकडच्या, दहा डावीकडच्या." पलीकडचे फोन आपटत. अशा माणसाची बढती होत नाही आणि बदलीही होत नाही, कारण त्यांना दुसरीकडे कोणी घ्यायला तयार नसतं. त्यामुळे ते तिथेच मुरले होते.

पन्नाशीचे, काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. बायको मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला राहायची. खरं कारण म्हणजे घरात बोलणं सुरू झालं की तिसऱ्या वाक्याला लकवा यायचा, आणि त्या बाईनं ते पंधरा वर्षं सोसलं होतं. कानावर बिडी असायची. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली रक्तदाबाचं यंत्र मांडून बसत आणि प्रत्येकाला बिडी सोडायला सांगत. कोणी त्यांच्या कानाकडे बोट दाखवलं की म्हणत, "मी सांगतो ते करा, मी करतो ते करू नोका. कीर्तनकाराले कोनी विचारते का, तू कायले लोभी म्हनून?"

लकवा म्हणजे काय हे मला त्यांनी धानाच्या बांधावर उभं करून शिकवलं. पाटाचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जात होतं. त्यांनी पायानं चिखल ढकलून पाट बुजवला.

"पाहा, आता खालची बांधी वाळन. मेंदूतबी असंच होते. रक्ताची गाठ नळीत बसली का तिच्यापुढचं सारं वाळते. हा तुंबलेला लकवा. अन् तलावाची पाळ फुटून पानी वावरात घुसलं, तर तो फुटलेला लकवा. दोनीत माणूस आडवाच होते, पन विलाज सारखा नाई. तुंबलेल्याले जे औषध, ते फुटलेल्याले जहर."

"मग ओळखायचं कसं? आत डोकावून तर बघता येत नाही."

"इचारायचं. डोकं लय दुखलं काय, वकारी झाली काय, शुद्ध गेली काय. तुंबलेला बहुतेक चुपचाप येते, झोपेत नाई तर सकाळी चूळ भरताना." नागपूरला डोक्याच्या आतलं चित्र काढायचं यंत्र येणार, असं ते ऐकून होते. ते येईपर्यंत आपल्या प्रश्नांवर भागवायचं होतं. एवढ्यात ज्याची बांधी होती तो काठी घेऊन धावत आला आणि आमचा तास तिथेच संपला.

लोकांचा इलाज वेगळा होता. लकवा झाला की कबुतर कापायचं आणि त्याच्या गरम रक्तानं लुळ्या अंगाला मालिश करायची. ते करणारा एक वैदू पिंजरा घेऊन गावोगाव फिरे. साहेबांनी त्याला एकदा रस्त्यात धरलं आणि विचारलं, "लकवा याले झाला, कबुतराचं काय चुकलं?" साहेबांनी पिंजराच ठेवून घेतला. त्यातली अकरा कबुतरं पुढे आमच्या बाळंतपणाच्या खोलीच्या वळचणीला राहिली, वाढली, आणि त्यांची घाण साफ करता करता मी कितीदा त्या वैदूची बाजू मनातल्या मनात घेतली ते देवाला माहीत.

आता मुख्य भानगडीकडे येते.

साहेबांचा एक मित्र नागपूरच्या एका कॉलेजात वाचनालय सांभाळायचा. तो जुनी इंग्रजी मासिकं पोत्यात भरून एसटीनं पाठवी. वर्ष-दीड वर्ष शिळी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. त्यांतून साहेबांना कळलं की डोकेदुखीची साधी गोळी, ॲस्पिरिन, रक्ताची गाठ धरू देत नाही, आणि ती रोज थोडी दिली तर एकदा लकवा होऊन गेलेल्याला पुन्हा होणं टळतं का, याचा शोध परदेशात चालू आहे.

"चालू आहे ना? मग निकाल लागला की आपल्यालाही कळेल," मी म्हटलं.

"ते पाव-लोनी खानारे लोकं, बाई. आपला माणूस भात खाते. त्याच्या रक्तात काय होते हे कोन पाहीन? कोनी येऊन राह्यलं काय इथे?"

त्यांनी परवानगीसाठी वरती तीन पत्रं धाडली. एकाचंच उत्तर आलं, आणि त्यात अर्ज विहित नमुन्यात नसल्याचं लिहिलं होतं. नाही म्हटलेलं नाही म्हणजे हो म्हटलंय, असा त्याचा अर्थ साहेबांनी लावला. आज कोणी असं केलं तर तुरुंगात जाईल, आणि जावंच. तेव्हा आमच्याकडे विचारायला कोणी नव्हतं.

लकवा होऊन गेलेल्या पेशंटांना त्यांनी केंद्राच्या अंगणात गोळा केलं. तुंबलेल्यांतले, पोटाचा त्रास नसलेले, असे पारखून घेतलेले तीस-बत्तीस जण काठ्या टेकत, बैलगाड्यांतून आले. साहेबांनी काही लपवलं नाही. अर्ध्यांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना खोटी. नागपूरहून बनवून आणलेली ती खोटी गोळी खडूची, दिसायला तशीच पांढरी, आणि लिंबाचं सत टाकून चवीलाही तशीच आंबट. कोणाला काय मिळतं ते पेशंटाला कळणार नाही, खुद्द साहेबांनाही कळणार नाही. चिठ्ठ्या मी उचलायच्या आणि यादी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवायची.

डोमाजी म्हणून एक म्हातारा पुढे बसला होता. उजवं अंग अधू. आपल्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा सोडायचं, हे तीस वर्षं तोच ठरवत आला होता आणि एका हातानं अजूनही ठरवत होता.

"म्हंजे अर्ध्यायले देनार अन् अर्ध्यायले नाई देनार?"

"हो."

"अन् मुद्दाम?"

"मुद्दाम. तेव्हाच समजन ना डोमाजी, गोळी काम करते का नाई."

डोमाजीनं मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "समजलं, सायेब," तो म्हणाला. आमच्या भागातला म्हातारा इतक्या शांतपणे 'समजलं' म्हणाला तर त्याला काय समजलं ते लगेच विचारून घ्यावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मी चिठ्ठ्या उचलायला बसले तर साहेबांनी आणखी एक चिठ्ठी टाकली. स्वतःच्या नावाची.

मग कळलं. दोन महिन्यांपूर्वी दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातून वाटी पडली होती आणि पाव तास हात मेल्यासारखा लोंबत राहिला होता. मग आपोआप ठीक झाला. "हा इसार होय," ते म्हणाले. "पुरा सौदा मागून होते. वर्षात, दोन वर्षांत, नाई तर उद्या." मी म्हटलं, मग तुम्ही सरळ खरी गोळी घ्या, चिठ्ठी कसली टाकताय. तर माझ्यावरच उखडले. "लोकाइले चिठ्ठीवर बसवतो अन् मी मागच्या दारानं घेऊ काय? मंग मी डॉक्टर कायचा?"

त्यांचा नंबर सतरा निघाला. खऱ्या-खोट्याची चिठ्ठी उचलली, उघडली. खोटी.

मी चेहरा कोरडा ठेवला आणि यादीत लिहून घेतलं.

पुढची दोन वर्षं दर महिन्याला मी पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर नंबर, आत तीस गोळ्या. गावोगाव जाऊन वाटल्या, रक्तदाब घेतला, दात पाहिले. आणि दर एक तारखेला साहेबांच्या टेबलावर सतरा नंबरची पुडी ठेवली. जेवण झालं की ते एक गोळी काढत, "जय हो" म्हणत आणि चहाबरोबर गिळत. मी समोर बसून भाजी निवडत असे. मला माहीत होतं की हा माणूस रोज लिंबाचं सत आणि खडू खातोय, आणि त्याला मारणारी गाठ कुठल्याही दिवशी येऊ शकते. मला त्याचा राग यायचा, इतका की मी पुडी टेबलावर आपटायचे. ते विचारत, "काहून रागावून राहिल्या?" मी सांगे, कबुतरांमुळे.

मग एका दुपारी त्यांच्या हातातून चहाची बशी पडली. डावाच हात. तोंडही थोडं वाकडं झालं, मी पाहिलं, कारण बघायला त्यांनीच शिकवलं होतं. दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी आलं.

"घाम होता हाताले," ते म्हणाले.

"साहेब, रजिस्टरात नोंद करायची ना?"

"घामाची कायची नोंद?"

आणि त्यांनी बशीचे तुकडे स्वतः उचलले, डाव्या हातानं, एकेक करून, मला दाखवत. मला तेव्हा रडू आलं असतं, पण कंपाउंडर आत आला आणि राहून गेलं.

त्या महिन्याच्या एक तारखेला मी सतरा नंबरच्या पुडीत खऱ्या गोळ्या बांधल्या. कोणाला विचारलं नाही, देवालाही नाही. साहेबांनी "जय हो" म्हटलं आणि गिळली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला भाजी निवडताना सुचलं की वांगी चांगली मिळाली आहेत.

असे चार महिने गेले. मग आम्ही डोमाजीच्या गावी गेलो.

सकाळची वेळ. साहेबांना ओसरीवर बसवून डोमाजीची सून पाणी आणायला आत गेली. एवढ्यात शेजारची एक म्हातारी पाय ओढत आली. तीही आमचीच पेशंट, नंबर नऊ.

"डोमाजी, माही आजची दे गा," ती म्हणाली.

डोमाजीनं कोनाड्यातलं गाडगं घेतलं, डाव्या हातानं आत ढवळलं, एक गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. साहेब उठले. गाडग्यात डोकावून पाहिलं. अर्धं गाडगं पांढऱ्या गोळ्यांनी भरलं होतं.

"हे काय होय, डोमाजी?"

"गोळ्या होयत तुमच्यावाल्या," डोमाजी कौतुकानं म्हणाला. "साऱ्यायच्या पुड्या इथं जमा होतेत. दुसऱ्या गावायचे बाजाराच्या दिवशी आनून देतेत अन् घेऊन जातेत. मी सोता वाटतो."

"कधीपासून?"

"पयल्या महिन्यापासून."

साहेबांनी गाडग्यात पुन्हा डोकावून पाहिलं. डोमाजीला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. तो समजावून सांगू लागला. "पाहा सायेब, तलावात पानी कमी असलं तं आमी काय अर्ध्या बांध्या वाळू देतो? थोडं थोडं साऱ्यायले देतो. कोनाचंच पीक सोळा आने नाई येत, पन कोनी उपाशीबी नाई राहात. तुमी म्हनले अर्ध्यायले देतो, अर्ध्यायले नाई. तुमी शिकले-सवरलेले, तुमाले तोंडावर कसं म्हनावं का हे चूक होय? मंग आमी आमचं निस्तरलं. साऱ्या मिळवल्या अन् वाटल्या. आता खरी येवो का खोटी, ज्याच्या त्याच्या नशिबाची."

परतीच्या वाटेवर साहेब सायकलवर बसलेच नाहीत. सायकल हातात धरून चालत राहिले. मी मागून चालत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला हसू आवरत नव्हतं.

केंद्रात आल्यावर त्यांनी रजिस्टर टेबलावर आदळलं.

"दोन वर्षं! बत्तीस माणसं! कोनी काय खाल्लं ते त्या गाडग्यालेबी ठाऊक नाई!" येरझारा घालता घालता ते एकदम थांबले. "पन एक पेशंट राहिला. साऱ्या रजिस्टरात एकच इमानदार पेशंट निघाला, बाई, अन् तो म्हंजे मी. माही पुडी गाडग्यात गेली नाई. यादी आना."

मी ट्रंकेतून पाकीट आणलं. ते त्यांनीच उघडलं. सतरा नंबरवर बोट ठेवलं आणि वाचलं.

"खोटी," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "खोटी! दोन वर्षं नुसता खडू खाल्ला मी, अन् पाहा, ठणठणीत हावो. काई झालं नाई. म्हंजे गोळीत दम नाईच. बिनगोळीचाबी माणूस जगते. बंद करा हे सारं, सिस्टरबाई. गोळ्या परत धाडा. माहीबी बंद, त्यायचीबी बंद."

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे याच माणसानं मला पन्नास वेळा ऐकवलं होतं. पण रागावलेल्या शास्त्रज्ञाला शास्त्र कोण सांगणार? ते गोळ्यांचे डबे खोक्यात भरायलाही लागले. मी दाराशी उभी राहिले. बोलले नाही तर हा माणूस उद्यापासून काहीच घेणार नाही, आणि डोमाजीचं गाडगंही रिकामं होईल. बोलले तर माझी चोरी उघडी पडेल, आणि त्यांच्याकडे उरलेली एकुलती एक खरी नोंदही खोटी ठरेल.

"काही झालं नाही म्हणता, मग बशी?" मी विचारलं.

त्यांचा हात खोक्यातच थांबला.

"कोन्ती बशी?"

"घामाची. तिची नोंद तुम्ही केली नाही. मी तोंड पाहिलं होतं तुमचं, साहेब. वाकडं झालं होतं."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"आणि त्यानंतर चार महिने तुम्ही खडू खाल्लेला नाही. मी पुडी बदलली. खरी दिली. मला मरताना बघवलं नसतं तुम्हाला. आता काय ते करा, नोकरी घ्या माझी."

बाहेर कंपाउंडर कोणाला तरी मलम देत होता, त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. साहेब खुर्चीत बसले. रजिस्टर पुढे ओढलं, पेन उघडलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक पानावर एक आडवी रेघ ओढली. घाई केली नाही. सतरा नंबरच्या पानावर जरा थांबले, 'बशी' असा एक शब्द लिहिला, आणि मग त्यावरही रेघ ओढली.

"म्हंजे डोमाजी खोटा, मी खोटा, तुमी खोट्या."

"हो साहेब."

"उद्यापासून त्या गाडग्यात साऱ्या खऱ्याच टाकजा. त्याले सांगू नोका."

"बरं."

मग त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला.

"माही आजची राहिली."

मी दोन्ही डबे उघडले. "कुठली देऊ?"

"चोरीची," साहेब म्हणाले.